देवकुळे मॅडमचा डावा हात

मी मासे धरतो.

एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. वडील पूजा सांगायचे. आई आजही चातुर्मासात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. आणि मी, त्यांचा एकुलता एक, लग्न न केलेला, सुप्याच्या कारखान्यात खरेदी विभागात बसणारा मुलगा, दर रविवारी ‘ऑडिट आहे’ असं आईला सांगून नगरच्या सावेडीतून गाडी काढायचो आणि मुळा धरणाच्या फुगवट्यात कमरेभर पाण्यात उभा राहायचो. मासे खात नाही. धरतो आणि सोडतो. पण हे कुणाला सांगायचं? खाणारा म्हणणार वेडा आहे, न खाणारा म्हणणार पापी आहे, आणि मला दोघांचंही पटायचं. म्हणून बोललोच नाही. न बोलणं मला चांगलं जमतं.

हे खूळ मला लावलं देवकुळे मॅडमनी. परवाच्या पावसाळ्यात त्या गेल्या, झोपेत, कुणाला काही तसदी न देता. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मला आधी माझं हे सांगावंच लागणार होतं, म्हणून सांगून टाकलं. आता मोकळा झालो.

मॅडम आमच्या कारखान्यात क्वालिटीच्या हेड होत्या. उंच, सडपातळ, केस कानाच्या वर कापलेले, खिशाला कायम एक भिंग. मी घेतलेला माल परत पाठवणं हा त्यांचा धर्म होता. तरुणपणी हिमाचलात नोकरीला असताना त्या फ्लाय फिशिंग शिकल्या. कुणाकडून, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. “होता एक म्हातारा, फार शिव्या द्यायचा,” एवढंच. नगरला आल्यावर बर्फाच्या पाण्यातले ते ट्राउट मासे कुठले? इथं धरणं आणि धरणांत चिलापी. मॅडमनी तक्रार केली नाही. चिलापी धरली, मरळ धरली, बोटाएवढ्या चालटीसुद्धा धरल्या. राहिली होती फक्त खडशी.

खडशी म्हणजे पुस्तकातला महाशीर. प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यातल्या खडकाळ डोहांत राहणारा, रुपयाएवढ्या खवल्यांचा, ताकदवान आणि महासंशयी मासा. जाळ्यात सापडतो, कणकेच्या गोळीलाही लागतो. पण मॅडमना ती स्वतः बांधलेल्या माशीवर हवी होती. माशी म्हणजे पिसं, लोकर आणि दोरा गुंडाळून गळावर बनवलेला खोटा किडा. दर हिवाळ्यात त्या अकोल्याला जायच्या आणि हात हलवत परत यायच्या. “काय मॅडम, झाली का भेट?” असं कुणी विचारलं की म्हणायच्या, “पत्रिका जुळत नाहीये. बघू पुढच्या वर्षी.”

मी त्यांना पहिल्यांदा गळाची काठी घेऊन पाहिलं ते पाण्यावर नाही, कारखान्याच्या हिरवळीवर. जेवणाची सुट्टी. डिस्पॅचच्या मागं पन्नासएक कामगार गोल करून उभे, आणि मध्ये मॅडम. हातात लवलवती काठी, काठीच्या टोकातून निघालेली पिवळी दोरी त्यांच्या डोक्यावरून मागं जाते, हवेत सरळ होते, परत पुढं येते, आणि पुढं येताना तिचा असा एक निमुळता वेढा उलगडत जातो की बघणाऱ्याचा श्वास थांबावा. शेवटी टोकाला बांधलेला लोकरीचा तुकडा त्यांनी आधी ठरवलेल्या चहाच्या कपात अलगद उतरला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

“मॅडम, पन मासे कुठंयत?” एकानं विचारलं.

“मासे नंतर. आधी हवा.”

मी कुठल्याच गर्दीत पुढं जात नाही. त्या दिवशी मात्र कसा कोण जाणे, पुढं गेलो आणि म्हणालो, “मला बघू द्या.” माझ्याच आवाजानं मी दचकलो.

त्यांनी काठी हातात दिली आणि दोन वाक्यांत सगळं सांगून टाकलं. “साध्या गळाला शिसं बांधतात आणि शिशाचं वजन दोरीला ओढत नेतं. इथं माशीला वजनच नाही, पिसाचं कसलं वजन? म्हणून वजन दोरीला दिलंय. तू दोरी फेकायची, माशी आपोआप मागून जाते.”

मी जोर लावला. दोरी माझ्या गळ्यात पडली. लोक हसले.

“जोर कशाला लावतोयस? हातोडा आहे का तो? मनगट मोडू नकोस. काठी घड्याळातल्या दहावरून एकवर ने. तिथं थांब. दोरी मागं पूर्ण सरळ होऊ दे, मगच पुढं आण. सगळे पुढं काय पडतंय तेच बघतात. चूक मागं झालेली असते.” माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, “तू तर जन्मभर मागंच बघत आलायस असं वाटतं. जमेल तुला.”

आणि जमलं! चौथ्या-पाचव्या वेळी मी मान वळवून मागं बघितलं, दोरी सरळ झाली, काठीला हलकी ओढ बसली, मी हात पुढं आणला, आणि ती पिवळी रेघ माझ्यासमोर उलगडत गेली. मला असं सांगायचं होतं की मी आनंदलो. पण तो शब्द लहान आहे. अंगातून झिणझिण्या गेल्या. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तो मला ऐकूच आला नाही.

माझा स्वभाव चोरटा. दुसऱ्याच आठवड्यात मी कुणाला न विचारता काठी आणि रीळ मागवलं. पार्सल घरी नको म्हणून पत्ता कारखान्याचा दिला. आता, मी इतकी वर्षं त्याच कारखान्यात खरेदी करतो, मला कळायला हवं होतं. आमच्या फाटकातून आत येणारी प्रत्येक वस्तू आधी क्वालिटीकडं जाते. संध्याकाळी माझ्या टेबलावर माझी काठी आली, खोक्यातून काढलेली, आणि तिला लाल रिजेक्ट टॅग बांधलेला. कारणाच्या जागी मॅडमच्या ठसठशीत अक्षरात: ‘समुद्रासाठीची काठी. मुळा धरणात शार्क आढळलेले नाहीत.’

मी खालमानेनं त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

“बस,” त्या म्हणाल्या. “सगळ्यात महागडं काय घेतलंस?”

“रीळ.”

“वाटलंच. अरे, रीळ म्हणजे दोरी ठेवायचं कपाट. चिलापीसाठी कपाटावर पैसे घालवतात का? पैसे घालायचे दोरीवर. काठीवर नंबर असतो, दोरीवरही असतो, दोन्ही जुळले पाहिजेत. तुला पाच नंबर. नऊ फुटी. आणि मऊ घे, कडक नको.”

“दुकानदार म्हणाला कडक काठीनं लांब जातं.”

“कडक काठीला तुझा हात लागतोय हेच कळत नाही. मऊ काठी वाकते, ते हाताला कळतं, आणि मग हात शिकतो. लांब कुणाला जायचंय? मासा बहुतेक वेळा तुझ्या पायाशीच असतो.”

मग त्यांनी खणातून एक साधा दिसणारा गॉगल काढून दिला. पाण्यावरची चकाकी कापणारी काच. म्हणाल्या, “दोरीनंतर हा. बाकी सगळं नंतर.” पहिल्या रविवारी तो घालून मी पाण्यात बघितलं तेव्हा ओरडलोच. वर्षानुवर्षं ज्या पाण्याला मी नुसतं पाणी समजत होतो त्यात तळाचे गोटे दिसत होते, आणि गोट्यांवरून सावल्या सरकत होत्या. मात्र मी त्या दिवशी पांढरा शुभ्र शर्ट घातला होता. मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “माशांच्या घरी लग्न आहे का? पुढच्या रविवारपासून मातकट कपडे.”

मॅडमच्या स्वतःच्या काठीचे सांधे त्यांनी शिवणाच्या दोऱ्यानं गुंडाळून वरून नेलपॉलिश लावलेले होते, गुलाबी. त्यांच्याकडं नेलपॉलिशचा तेवढाच उपयोग होता.

माशा बांधायला कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. बाहेरून येणारी मॅडमना पसंत पडत नसत. एकदा बाजाराच्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला घेऊन घोडेगावला गेल्या. मोठा बाजार जनावरांचा. त्याच्या एका कडेला कोंबड्यांच्या पाट्या घेऊन माणसं बसली होती. मॅडम एकेका कोंबड्याची मान उन्हात धरायच्या, एक पीस न तोडता बोटावर वाकवायच्या, आणि भिंगातून बघायच्या. पुढं गर्दी जमली. शेवटी एका तांबड्या कोंबड्यापाशी त्या थबकल्या.

“बाई, वजन बघा की,” विकणारा म्हणाला. “मानंत काय हाय?”

“मानेतच आहे सगळं.”

“रस्सा करायचा का सुकं?”

“काही करायचं नाही. मला याची पिसं हवीत.”

“आन मंग कोंबडं कोन खानार?”

“कुणी नाही. तो घरी राहील. पिसं गाळेल तेव्हा मी वेचीन.”

त्या माणसानं माझ्याकडं बघून आवाज खाली आणला. “दाजी, बाईस्नी बरं न्हाई का?”

मी मान खाली घातली. मॅडम कोंबडा काखेत घेत म्हणाल्या, “हे दाजी नाहीत, हा पुराणिक आहे. चातुर्मासात वांगंसुद्धा खात नाही. त्याला बरं नाहीये.”

कोंबड्याचं नाव त्यांनी सॅम्पल ठेवलं. सावेडीतल्या त्यांच्या बंगल्याच्या अंगणात तो राजासारखा हिंडायचा आणि सगळी कॉलनी जागी करायचा. शेजाऱ्यांनी तक्रार केली तर मॅडम म्हणायच्या, “तुमचा इन्व्हर्टर कोंबड्यापेक्षा जास्त वाजतो, मी मोजून दाखवू का?” आणि त्या खरंच मोजून दाखवतील हे माहीत असल्यानं माणसं गप्प बसायची. सॅम्पल पिसं गाळू लागला की मॅडमचा सण सुरू. अंगणात उकिडव्या बसून एकेक पीस वेचायच्या, आणि मग आठवडाभर रात्रंदिवस माशा.

पाण्यावर त्यांच्या काही पद्धती ठरलेल्या होत्या. पोचल्याबरोबर काठी जोडायची नाही. आधी काठावर बसून पेरू खायचा आणि पाणी बघायचं. मग एखादा गोटा उलटा करून त्याच्या पोटाला कसले किडे चिकटलेत ते भिंगातून पाहायचं, आणि डबीतली त्याच रंगाची, त्याच आकाराची माशी काढायची. “त्यांच्या पानात रोज जे वाढलं जातं तेच आपण वाढायचं,” म्हणायच्या. माशी पाण्यावर पडली की ती पडल्याचं पाण्यालाही कळता कामा नये. आणि मासा माशीखाली घुटमळू लागला की मॅडम अगदी हळू, लाडानं म्हणायच्या, “अहो, या ना. अहो!” एकदा बांधावरून जाणाऱ्या बाईनं हे ऐकलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “जावा की वो, त्या कवाच्या बोलावत्यात.”

माझं मात्र काहीतरी बिघडत चाललं होतं. पहिल्या चिलापीच्या ओठातून मी गळ काढला तेव्हा तिनं कल्ले उघडले-मिटले, आणि मला घरी देवघरातली आई आठवली. रात्री जेवण गेलं नाही. मासे धरवत नव्हते, नाद सोडवतही नव्हता. मग मी मधला मार्ग काढला. घरी बसून पकडीनं सगळ्या गळांची टोकं मोडून टाकली. मासा माशी तोंडात घेईल, मला ओढ जाणवेल, आणि तो बिनजखमी निघून जाईल. महिनाभर मी टोक नसलेल्या गळांनी मासेमारी केली. स्वतःवर फार खूश होतो.

मॅडम शेजारी उभ्या राहून बघत होत्या. एका सकाळी माझ्याकडून आठव्यांदा चिलापी सुटली तेव्हा त्या पाण्यातून चालत आल्या, माझी दोरी हातात घेतली आणि गळावर भिंग धरलं. मी पाण्याकडं बघत राहिलो.

“तू मोडलंस?”

“हो.”

“सगळी?”

“हो.”

मला वाटलं आता लाल टॅग. पण त्या भिंग खिशात ठेवत म्हणाल्या, “फसवलेलं चालतं तुला. टोचलेलं चालत नाही. पुराणिक, गळाचा उलटा दात दाबून टाक, मी पण दाबते, म्हणजे गळ सहज निघतो आणि मासा फाटत नाही. पण टोक मोडून तू काय करतोयस माहितेय? आईला ‘ऑडिट’ म्हणून सांगतोस, तेच माशाला सांगतोयस. मासे धरायचे तर धर. नसतील धरायचे तर माझ्याबरोबर बसून पेरू खा, मला सोबत होईल. पण हे असलं करू नकोस.”

त्या दिवशी मी पेरू खाल्ला. बराच वेळ.

पुढच्या दिवाळीत मॅडमचा उजवा खांदा गेला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. खांद्यातला स्नायू फाटला होता, आणि वयामुळं तो शिवून फारसा उपयोग नाही असं डॉक्टर म्हणाले. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, कायमचा.

मॅडमनी एकच विचारलं. “डावा कसा आहे?”

“डावा उत्तम आहे.”

“मग झालं.”

मी गाडीत रडायच्या बेतात होतो. खडशी राहिली ती राहिलीच, एवढंच डोक्यात. मॅडम तोपर्यंत डाव्या हातानं सीटबेल्ट लावायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दात डाव्या हातानं घासू लागल्या, पोळी डाव्यानं लाटू लागल्या. भारताचा नकाशा लाटला जायचा. संध्याकाळी गच्चीवर फेकीचा सराव. हातात फूटपट्टी, मग काठी. पासष्टीला आलेली बाई पहिल्या दिवसापासून शिकत होती आणि मी शेजारी उभा राहून बघत होतो. जे सांगायचं ते त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं असायचं, त्यामुळं सांगायला जीभ रेटेना.

“तोंड उघड की!” त्या ओरडायच्या. “काय चुकतंय?”

“मनगट मोडताय, मॅडम.”

“मग तसं बोल! शिव्या दिल्याशिवाय शिकवलेलं मला लागू पडत नाही.”

फेक सुधारली. लांबीही आली. पण एक दोष काही जाईना. डाव्या हाताला शेवटचा हलकेपणा नव्हता. दोरी सुरेख उलगडायची आणि माशी मात्र थपकन पडायची. जिची माशी कपात उतरायची त्या बाईची माशी आता धपाटा घातल्यासारखी पडत होती. धरणावर चिलाप्या चौफेर पळायच्या. मॅडम ओठ आवळून पुन्हा फेकायच्या.

अशाच एका संध्याकाळी त्यांची माशी माझ्या कानात बसली. पाळीत, आरपार. मी बोंबललो. मॅडम शांतपणे आल्या, दोन बोटांनी गळ मागं दाबला आणि अलगद काढून घेतला. उलटा दात दाबलेला असल्यामुळं लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला.

“दुखलं?”

मी खरं सांगितलं. “चिमटा काढल्यासारखं झालं.”

“बघ. आता तुझं तू ठरव पाप केवढं आहे ते.”

घरी गेलो तर कानाला चिकटपट्टी. आईनं ताट वाढताना विचारलं, “कान कुणी टोचला तुझा?”

खोटं तयार होतं. गेटला लागला म्हणता आलं असतं. पण मी पोळीचा घास खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. ऑडिट नसतं. मासे असतात. इतकी वर्षं. मॅडम, काठी, धरण, सगळं. 

आईनं आमटी ढवळली. मग म्हणाली, “मला वाटत होतं तू पितोस. गाडीला कसला तरी वास यायचा.” पुन्हा ढवळली. “सोडून देता ना त्यांना?”

“हो.”

“दमलेले असतील. सोडताना काही खायला घालता की नाही?”

मी खाली ठेवलेला घास उचलला. हसू येत होतं की रडू, ते कळलं नाही. पुढच्या रविवारी आईनं मॅडमना जेवायला बोलावलं. दोघी मला वगळून तीन तास बोलल्या, बहुतेक माझ्याबद्दल.

त्या वर्षी होळीच्या थोडं आधी आम्ही अकोल्याला गेलो. मॅडमना घाई होती. डाव्याचाही काही भरवसा नाही, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी, असं त्या स्वतःच म्हणाल्या, आणि त्या असं कधी म्हणत नसत. पहाटेची थंडी अजून बोचत होती. निघताना आईनं स्वतः विणलेला किरमिजी स्वेटर मला घालायला लावला होता. “पाण्यात उभा राहणार ना? घाल.”

डोह तोच, मॅडमच्या दरवर्षीचा. एका अंगाला काळा कातळ, दुसऱ्या अंगाला पाण्यावर ओणवलेलं उंबराचं झाड. जवळच शेताच्या पंपाची राखण करत बसलेले बुधाजी मॅडमना ओळखत होते. “आल्या का बाई? औंदा तरी घावू द्या!”

सकाळभर मॅडमनी सगळ्या डब्या रिकाम्या केल्या. काळ्या माशा, करड्या माशा, चमकीच्या माशा. एकेक थपकन पडायची. गॉगलमधून मला खडशी दिसत होत्या, चार-पाच, तळाशी हिरवट सोनेरी, माशी पडली की तिरक्या होऊन लांब जाणाऱ्या. मॅडम थकून काठावर बसल्या. डावा हात मांडीवर ठेवून उजव्यानं दाबत होत्या. मी पेरू कापला, तो त्यांनी घेतला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आणि उंबराचं एक पिकलं फळ पाण्यात पडलं. टुपुक.

खालून एक सावली उठली. पाणी फुगलं, फिरलं, आणि फळ नाहीसं झालं.

मॅडमनी माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. आम्ही श्वास रोखून बसलो. आणखी एक फळ. टुपुक. आणखी एक सावली.

“पुराणिक!” त्यांचा आवाज फाटला होता. “अरे, इतकी वर्षं आपण हिला किडे दाखवतोय, आणि ही फळाहारी! तुमच्यातली आहे ही!” मग एकदम, “स्वेटर काढ.”

“आईनं विणलाय.”

“म्हणजे लोकर चांगली असणार. काढ!”

कात्रीनं त्यांनी माझ्या बाहीचं टोक कापलं. डाव्या हातात मोठा गळ, उजव्यानं लोकर गुंडाळत, दोरा दातात धरून, मांडीवरच त्यांनी उंबर बांधलं. किरमिजी, गोल, वरून कात्रीनं भादरलेलं.  बुधाजी पंप सोडून येऊन उभे राहिले होते.

मॅडम पाण्यात शिरल्या. सात नंबरची जाड काठी, त्यांनी खडशीसाठी वेगळी ठेवलेली आणि आजवर कधीच न वाकलेली. डावा हात वर गेला. दोरी मागं सरळ झाली, पुढं उलगडली, आणि माझ्या आईची लोकर उंबराच्या फांदीखाली थपकन पडली.

हलकी पडली असती तर काहीच झालं नसतं. फळ हलकं पडत नाही.

पाणी फुटलं! काठी टोकापासून मुठीपर्यंत वाकली, रीळ किंचाळलं, दोरी डोहाच्या मधोमध पाणी चिरत निघाली. मॅडम ओरडल्या, बुधाजी ओरडले, मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो. मी! खडशी कातळाकडं गेली, मॅडमनी काठी आडवी करून तिला वळवलं. ती झाडाच्या मुळांकडं गेली, मॅडम छातीभर पाण्यात उतरून मध्ये उभ्या राहिल्या. “मी धरू का काठी?” मी विचारलं. “हात लावलास तर बुडवीन!” डावा हात कोपरापासून हलत होता. किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. शेवटी ती कूस बदलून वर आली, आणि त्या खवल्यांवर ऊन पडलं.

मी जाळी घेऊन धावलो. जाळी चिलापीची. तिच्यात खडशीचं डोकं जेमतेम मावलं असतं.

“फेक ती!” मॅडम उथळ पाण्यात गुडघ्यांवर बसल्या. डावा हात तिच्या पोटाखाली. आणि मग मी पाहिलं, उजवा हात, जो खांद्याच्या वर जात नव्हता, तो पाण्याखालून सावकाश सरकत गेला आणि शेपटीशी जाऊन थांबला. पाण्यात त्याला वजन नव्हतं. दोरी ढिली पडताच गळ आपसूक निघाला होता, लोकर पार पिंजलेली. दोन्ही हातांत धरून त्यांनी तिचं तोंड प्रवाहाकडं केलं. कल्ले उघडत होते, मिटत होते. मी फोन काढला आणि परत खिशात ठेवला.

एक झटका. गेली.

“सोडली?” बुधाजींनी कपाळावर हात मारला. “आवं बाई! दोन घरं जेवली आस्ती!”

मॅडम तशाच बसून होत्या, हात पाण्यात, तळवे उघडे. केसांतून पाणी निथळत होतं, गॉगल एका कानाला लटकत होता. मी जवळ गेलो. मला काहीतरी बोलायचं होतं, आणि या खेपेला ते सापडलंही असतं. पण तेवढ्यात झाडावरून फळ पडलं, टुपुक, आणि सावली उठली. मॅडमनी झटकन मान वर केली.

“लोकर उरलीय का रे?”

“दुसरी बाही आहे, मॅडम,” मी म्हणालो आणि स्वेटर त्यांच्यापुढं धरला.